कप्तानाबद्दल मी जे छापलं नाही

ऐंशी सालच्या सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा रग्बीचा बॉल हातात धरला. अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला येऊन तीन आठवडे झाले होते. विद्यापीठात मेकॅनिकलला मास्टर्ससाठी नाव घातलं होतं. खोलीवर बसून भिंती बघायचा कंटाळा यायचा, म्हणून संध्याकाळी नदीकाठच्या पार्कात चालायला जायचो. तिथं वीसेक माणसं चिखलात एकमेकांच्या अंगावर पडत होती. बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला. उचलून परत फेकणार तेवढ्यात त्यांच्यातला पिंगट दाढीचा एक रुंद माणूस म्हणाला, "फेकू नकोस. घेऊन ये. पण ह्या लोकांना चुकवून ये."

मी सांगलीकडचा. कॉलेजात आणि नंतर जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेलो. अंगावर येणाऱ्याला झुकांडी देणं एवढं एकच काम मला मनापासून जमायचं. चौघांना चुकवलं. पाचवा तो स्वतः होता. त्यानं मला कमरेत धरून असं आपटलं की बराच वेळ श्वासच सापडेना. मग हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "आता मला पाड."

तो धावत आला. मी खाली बसून त्याचा घोटा धरला, जसा आम्ही कोपऱ्यात दबा धरून चढाईला आलेल्याचा धरायचो. तो अख्खा माणूस तोंडघशी पडला. तसाच पडून हसत राहिला.

"हे कुठं शिकलास, पोरा?"

"गावाकडं. मातीत."

"मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिस असते. सहाला ये."

तो आमचा कप्तान. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरण्यांच्या गावातला. तिकडं रग्बीचे दोन प्रकार असतात, एक पंधरा जणांचा आणि एक तेरा जणांचा. तेरा जणांच्या खेळाला लीग म्हणतात आणि तो कामगारांच्या वस्त्यांमधला खेळ. कप्तानाचे वडील तो खेळले आणि कप्तान सतराव्या वर्षापासून खेळला. मग एका अमेरिकन मुलीशी लग्न करून मिशिगनला आला आणि मोटारीच्या कारखान्यात डाय, म्हणजे पत्रा ठोकायचे साचे, बनवायच्या कामाला लागला. इथं लीग खेळणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यानं गवंडी, शिक्षक, विद्यार्थी जमवून पंधरा जणांचा क्लब चालवायला घेतला होता. मी भेटलो तेव्हा तो पस्तीस-छत्तीसचा असेल. नाक दोनदा मोडलेलं, एक कान फुलकोबीसारखा झालेला. मला तो राजा वाटायचा.

पहिल्या वर्षी तर माझं सगळं आयुष्य शनिवारभोवती फिरायला लागलं. माझी थोरली बहीण आणि दाजी पाऊण तासावर राहायचे. दाजी डॉक्टर, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत कामाला. बहिणीनंच मला स्पॉन्सर करून बोलावून घेतलं होतं. रविवारी मी सुजलेला ओठ घेऊन तिच्याकडं जेवायला गेलो की ताई आधी माझ्याकडं बघायची आणि मग वरण वाढायची. दाजी तेवढे विचारायचे, "काल जिंकलात का?"

क्लबातल्या माझ्या दुसऱ्या सीझनला, ऑक्टोबरमध्ये, ओहायोकडच्या एका संघाबरोबर मॅच होती. मी एव्हाना स्क्रमच्या कडेला खेळायला लागलो होतो. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून, डोकी अडकवून एकमेकांना रेटतात ती झोंबी. अशीच एक झोंबी मोडली आणि कप्तानाच्या कानशिलावर कुणाचा तरी गुडघा बसला. तो आडवा झाला. आम्ही त्याच्याभोवती उभे राहिलो. बादलीतल्या पाण्यात बुडवलेला स्पंज त्याच्या मानेवर पिळला. तो उठला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरा, आपण कुठल्या बाजूला मारतोय?"

मला हसू आलं. मी त्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्याला ओहायोवाल्यांच्या गोलपोस्टकडं वळवलं. "ते तिकडं," म्हणालो. तो निघाला. दहा मिनिटांनी त्यानंच दोन माणसं अंगावर घेऊन बॉल रेषेपलीकडं नेला. आम्ही जिंकलो.

मॅचनंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात अशी रीत होती. जेवताना मी हा किस्सा सगळ्यांना सांगितला. त्याचा आवाज काढून, खांदे वळवायची नक्कल करून. माणसं टेबलं बडवून हसली. कप्तानही हसला. मग माझ्याकडं वाकून म्हणाला, "खरंच असं झालं?" त्याला काही आठवत नव्हतं. त्यानं बॉल रेषेपलीकडं नेलेलाही आठवत नव्हता. मला तेव्हा तेही गमतीचंच वाटलं.

क्लबच्या मॅचचा निकाल शेजारच्या गावातल्या एका छोट्या दैनिकाला फोन करून सांगायचं काम कप्तानानं माझ्याकडं दिलं होतं. "तू शिकलेला आहेस, तू सांग." एरवी ते लोक दोन ओळी बारीक टाइपात छापायचे. ह्या वेळी मी फोनवर किस्साही सांगितला. पलीकडं क्रीडा संपादक होता. म्हणाला, "हे असंच लिहून आणून दे." मी डिपार्टमेंटच्या टाइपरायटरवर दीड पान टाइप केलं आणि बसनं नेऊन दिलं. ते तसंच छापून आलं, वरच्या बाजूला, माझ्या नावानिशी. कप्तानानं कात्रण कारखान्यात आपल्या मशिनवर चिकटवलं. संपादकानं मला पुढच्या आठवड्यात हायस्कूलची फुटबॉल मॅच बघून यायला सांगितलं.

मी वार्ताहर झालो तो असा. त्या किश्श्यावर.

त्यानंतरच्या दीड वर्षात मी कप्तानाला किती वेळा वळवलं ते मोजलेलं नाही. दर तीन-चार मॅचला एकदा तरी. तो उठायचा, डोळे वेगळेच दिसायचे, आणि मी जवळ जाऊन खांद्याला हात लावायचो. कधी विचारायचा, कधी नुसताच माझ्या तोंडाकडं बघायचा. ह्यात आम्हां दोघांना एक प्रकारची जवळीक वाटायची. प्रॅक्टिसनंतर तो मला त्याच्या पिकअपमधून खोलीवर सोडायचा. बायको स्कूल बस चालवायची, पाच-सहा वर्षांची मुलगी होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मला घरी बोलवायचा आणि मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी टर्कीऐवजी मॅकरोनी करायला लावायचा. परदेशात मला आपलं म्हणणारा ताई-दाजी सोडून तो एकटा होता.

त्र्याऐंशीच्या वसंतात माझा गुडघा गेला. मी एका बाजूला वळलो आणि पाय जमिनीतच राहिला. ऑपरेशन झालं. दाजींनी फिल्म उजेडात धरून बघितली आणि सांगितलं, "चालशील, जिने चढशील. खेळायचं विसर." मास्टर्स कसंबसं पुरं झालं होतं. वर्गातली पोरं कारखान्यांमध्ये, तेल कंपन्यांमध्ये गेली. मी त्या छोट्या दैनिकात पूर्णवेळ लागलो. वडिलांनी पत्रात विचारलं, "खेळाविषयी लिहितोस म्हणजे दिवसभर नक्की काय करतोस?" गणपतीला जमलेल्या मराठी मंडळींमध्ये एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे पार्टटाइम ना? मेन काय करतोस?" ताईनं माझ्यासाठी स्थळं बघायचं सोडून दिलं.

मला मात्र ते काम आवडायचं. आमचा पेपर दुपारचा. सकाळी साडेसहाला ऑफिसात, दहाला पानं छपाईला सुटायची. हायस्कूलचे कोच फोन करून स्कोअर सांगायचे. पोहणं, कुस्ती, पिना पाडायचं बोलिंग, सगळं मी लिहायचो. संपादक पन्नाशी उलटलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. फार बोलायचा नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "जे झालं ते लिही. जे व्हायला हवं होतं ते लिहू नकोस."

शनिवारी मी क्लबच्या मॅचला काठी टेकत जायचो. बाहेरून बघताना मला पहिल्यांदा कळलं की कप्तान किती वेळा पडतो. आत असताना प्रत्येक जण आपापल्या झोंबीत असतो. बाहेरून सगळंच दिसतं. तो पूर्वी मागं राहून हाताच्या खुणेनं सगळ्यांना हलवायचा. आता जिथं गर्दी दिसेल तिथं डोकं घालायचा, कारण तेवढंच करायचं त्याला उमगत होतं. मला हे दिसत होतं आणि मी वहीत स्कोअर लिहीत होतो.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये त्याच्या बायकोनं मला ऑफिसात फोन केला. "तो कामावर असताना ये," म्हणाली.

मी गेलो तेव्हा ती बसच्या सकाळच्या फेऱ्या संपवून नुकतीच आली होती. अंगात युनिफॉर्मचं जाकीट तसंच होतं. स्वयंपाकघरात कपाटांच्या दारांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. कप इथं. गॅस बंद कर. मंगळवारी मुलीला पोहण्याहून आणायचं. अक्षर कप्तानाचं होतं, एखाद्या मुलानं गिरवल्यासारखं.

"हे त्यानंच लिहिलंय," ती म्हणाली. "मला कळू नये म्हणून आधी ड्रॉवरमध्ये ठेवायचा. आता बाहेर लावतो."

तिनं एकेक सांगायला सुरुवात केली. कारखान्यात त्यानं दोन डाय चुकीच्या मापानं कापले. त्याला मशिनवरून काढून हत्यारं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसवलं. फेब्रुवारीत मुलगी पोहण्याच्या क्लासबाहेर बर्फात दोन तास उभी होती, कारण तो तिला आणायला निघाला आणि जुन्या घराच्या दारात जाऊन बसला. आणि एकदा त्यानं खुर्ची भिंतीवर फेकली. "माझ्या दिशेनं नाही," ती म्हणाली. "पण मी त्याच खोलीत होते."

"डॉक्टरकडं?"

"एकदा गेला. डॉक्टरनं विचारलं, आज वार कोणता. ह्यानं बरोबर सांगितला, कारण गाडीत पाठ करत होता. परत जात नाही. माझं ऐकत नाही. तू लिही. पेपरात लिही की ह्याला काय झालंय. छापलेलं तो मानतो. तुझं तर जास्तच मानतो. मी काय सांगते ते माझ्या नावानं घाल."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

त्या रविवारी मी दाजींना सगळं सांगितलं. ओहायोच्या मॅचपासून. दाजी ऐकताना ताट बाजूला सारून बसले.

"मी डेट्रॉइटला रेसिडेन्सी केली तेव्हा म्हातारे बॉक्सर यायचे," ते म्हणाले. "बोलता बोलता हरवायचे. हात थरथरायचे. डोक्याला मार बसून बसून होतं ते. तुमचा हा खेळ काय वेगळा आहे?"

"बरं होतं का?"

"नाही. पण आणखी वाईट होणं थांबवता येतं कदाचित. तू त्याचा मित्र ना? मग त्याला मैदानात जाऊ देऊ नकोस. माझ्याकडं आण, मी तपासतो. आणि छापायचं असेल तर माझं नाव घाल, डॉक्टर म्हणून. मी म्हणतो तसं लिही."

ताई हात धुऊन आली होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं तू त्याला बघत होतास?"



लेख मी सोमवारी लिहिला. तीन पानं. बायको काय म्हणाली, दाजी काय म्हणाले, मी मैदानात काय बघितलं, सगळं होतं. खांदे वळवण्याचंही होतं, ह्या वेळी गंमत म्हणून नव्हे. आयुष्यात त्याहून चांगलं मी काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. छापण्याआधी त्याला दाखवायला हवं असं वाटलं, म्हणून मंगळवारी पार्कात गेलो. प्रॅक्टिसला अजून वेळ होता. तो एकटाच आधी येऊन कोपऱ्यांवर झेंडे रोवत होता.

त्यानं पानं वाचली. वाचायला त्याला बराच वेळ लागला. ओळीवर बोट ठेवून वाचत होता. मग पानांची घडी घालून माझ्या हातात दिली.

"सगळं खरं आहे," म्हणाला.

"मग थांब ना."

"थांबणार आहे. पंधरा दिवसांनी क्लबच्या जुन्या खेळाडूंचा दिवस आहे. तेवढी एक मॅच. मग बूट देऊन टाकतो. तुला शब्द देतो." त्यानं मैदानाकडं हात केला. "पोरा, घरात मला कप कुठंय ते सांगावं लागतं. कामावर मला खिडकीत बसवलंय, पोरं हत्यारं मागतात आणि मी लेबल वाचून देतो. इथं आलो की हाताला पायाला आपोआप कळतं. इथं मी अजून मी आहे. हे छापलंस तर मला इथं कुणी उभं करणार नाही. एक मॅच दे."

मी म्हणालो, "बरं, एक मॅच. आणि दाजींकडं तपासायला येशील?"

"दुसऱ्या दिवशी. तूच घेऊन चल."

घरी जाऊन मी दुसरा लेख लिहिला. कप्तानाच्या शेवटच्या मॅचबद्दल. गिरणीचं गाव, वडील, तेरा जणांचा खेळ, ॲन आर्बरचा चिखल. आणि ओहायोचा किस्सा, पुन्हा एकदा, पहिल्यासारखाच गमतीचा. तो लिहिताना हात अडला नाही हे मला सांगायला हवं.

मॅचच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दोन्ही लेख संपादकाच्या टेबलावर ठेवले. त्यानं दोन्ही शांतपणे वाचले. चष्मा गळ्यात सोडला.

"पहिल्या लेखातली बाई नावानिशी बोलायला तयार आहे?"

"हो."

"डॉक्टर?"

"हो."

"मग मला अडचण नाही. दुसराही छापण्यासारखा आहे. तू तिथं होतास, मी नव्हतो. तू ठरव." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दहाला वीस मिनिटं होती.

मी दुसरा दिला.

ह्याचं कारण मी पुढं स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगत आलो. त्याला शब्द दिला होता. माणसाच्या इच्छेचा मान ठेवायला हवा. एका मॅचनं काय होणार. ह्यातलं काही अगदीच खोटं नाही. पण त्या वीस मिनिटांत माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. पहिला लेख छापला असता तर वाचणाऱ्यानं विचारलं असतं, की हा लिहिणारा पाच वर्षं काय करत होता. तो प्रश्न मला गावात फिरायला नको होता.

शनिवारी दुपारी ऊन पडलं होतं. लेख वाचून दोन-तीनशे माणसं आली होती, एरवी तीस-चाळीस असायची. कप्तानाची बायको मुलीचा हात धरून दुसऱ्या बाजूच्या रेषेवर उभी होती. मी हात केला. तिनं बघितलं आणि पुन्हा मैदानाकडं तोंड केलं. कालचा पेपर तिच्यापर्यंत पोचला होता.

पहिल्या हाफमध्ये तो बरा खेळला. लोक टाळ्या वाजवत होते. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि सगळे जागेवर उभे राहिले तेव्हा कप्तान उलट्या दिशेला तोंड करून उभा होता. क्लबमध्ये नवीन आलेला एक जण त्याच्यापाशी गेला, त्याच्या खांद्यांना धरलं आणि सहज वळवलं. त्या नवीन पोराला ते काही विशेष वाटलं नाही. मग दिसलं की जवळचे इतरही त्याच तयारीत असतात. मी खेळायचं सोडल्यावर ते काम वाटून घेतलं गेलं होतं.

मी रेषा ओलांडून आत जायला हवं होतं. गुडघा दुखत होता, पण तेवढं चालता येत होतं. मी वहीत लिहिलं, दुसरा हाफ सुरू.

दहाएक मिनिटांनी त्यानं समोरून येणाऱ्या एका धिप्पाड माणसाला टॅकल केलं, म्हणजे झेप घेऊन कमरेत धरून पाडलं. चांगलं टॅकल होतं. त्याचं डोकं त्या माणसाच्या कमरेच्या हाडावर आपटलेलं मला दिसलं. दोघे उठले. कप्तान चार पावलं चालला, कुणीही हात न लावता थांबला, आणि बसला. मग एका कुशीवर कलंडला. टाळ्या अजून चालू होत्या. लोकांना वाटलं, दमला.

ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला. बायको त्याच्या डोक्याशी बसून त्याच्याशी बोलत होती, रोजच्या आवाजात. आज जेवायला काय करणार आहे, उद्या कोण येणार आहे. मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. 

मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच दिवशी ऑपरेशन केलं. दाजी त्या हॉस्पिटलातले नव्हते, तरी गाडी काढून आले, तिथल्या डॉक्टरांशी बोलले आणि व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसले. "जगेल," म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मला बाकीचं कळलं. मी लेख छापला नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यावर कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बायको मला दुसऱ्या दिवशी भेटली. मी काहीतरी सांगायला लागलो. ती म्हणाली, "तू लिहिशील असं मला वाटलं होतं." एवढंच म्हणून आत गेली.

सोमवारच्या अंकात मी बातमी लिहिली. तिच्यात दुर्दैवी अपघात असे शब्द होते. संपादकानं ते वाचले, पेन्सिल त्या शब्दांवर थोडा वेळ धरली, आणि न खोडता पान पुढं पाठवलं.

पहिला लेख मी नंतर छापायला हवा होता. संपादकानं एकदा विचारलंही. तोवर मला त्यातलं एकेक वाक्य माझ्याविरुद्धच्या साक्षीसारखं वाटायला लागलं होतं. मी म्हणालो, आता काय उपयोग.  पुढच्या मोसमात शेजारच्या गावातल्या हायस्कूलचा एक मुलगा डोक्याला मार लागून मॅचमध्ये परत उतरला. त्या मॅचची बातमी मी लिहिली आणि त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. असं लिहायचं असतं म्हणून बोटांनी ते आपोआप लिहिलं. छापून आल्यावर वाचताना मला ते दिसलं. मुलाला काही झालं नाही. ते निव्वळ त्याचं नशीब.

कप्तानाच्या शेवटच्या मॅचवरच्या लेखाला वर्षअखेर राज्यातल्या छोट्या पेपरांच्या संघटनेचं बक्षीस मिळालं. लाकडी पाटी आली, पितळेवर माझं नाव कोरलेली. ऑफिसातल्यांनी केक आणला. मी संपादकाला म्हणालो, ही भिंतीवर लावू नका. त्यानं ती त्याच्या कपाटात ठेवून दिली. ताईनं वडिलांना पत्रात बक्षिसाचं कळवलं. वडिलांनी ते गावातल्या लोकांना सांगितलं आणि मला लिहिलं की, तुझं काम काय आहे ते आता थोडं थोडं समजू लागलं आहे.

कप्तान एका नर्सिंग होममध्ये होता. खुर्चीत बसायचा, चमच्यानं भरवलेलं खायचा, थोडं बोलायचा. मी सुरुवातीला दर आठवड्याला जायचो. मला ओळखायचा नाही, पण पाहुणा आला की अदबीनं वागायचा. तो पूर्वी कधी इतका अदबशीर नव्हता. बायको दुपारच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात यायची. मी दिसलो की बाहेर गाडीत बसून राहायची. मी तिचा वेळ खातोय हे लक्षात आल्यावर मी वार बदलला. मग दोन आठवड्यांनी जायला लागलो, मग महिन्यानं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी पेपर सोडला. मिनेसोटात ईडन प्रेरीला यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची नोकरी मिळाली. कोणता स्क्रू आधी, कोणता नंतर. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी कप्तानाकडं गेलो. खिडकीजवळ ऊन होतं, तिथं त्याची खुर्ची सरकवली आणि त्याला सगळं सांगितलं. बक्षीसही सांगितलं. तो माझ्या तोंडाकडं लक्ष देऊन बघत होता. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "तुम्हाला खूप वाईट वाटतंय."

"हो."

"माझ्या बायकोला सांगा. ती समजून घेते."

नर्स त्याला न्यायला आली. मी खाली पार्किंगमध्ये आलो. बायकोची गाडी उभी होती, ती आत बसलेली होती, काच वर केलेली. मी काचेपाशी जाऊन उभा राहिलो. तिनं काच खाली केली नाही. ती रडत नव्हती, रागानंही बघत नव्हती. मी बाजूला व्हायची वाट बघत होती. मी बाजूला झालो. ती उतरली, दार लावलं, आणि आत गेली.

ईडन प्रेरीहून मी तिला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. तिसरं पत्र पाठवलं नाही.